कोणीतरी वळलं

मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास समोरच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून कोणीतरी झटकन वळलं. हातात काहीतरी होतं. हे मी माझ्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून पाहिलं. या प्रकरणावर पुढे एकशे चौदा पानं खर्ची पडली, पण त्या सगळ्यांचं मूळ भांडवल म्हणजे ही दोन वाक्यं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्या वेळी एका आजीबाईंचा नवा चष्मा, काचा नीट बसल्यात की नाही हे बघायला, मी स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला होता. नंबर अधिक साडेचार. ज्यांना नंबरातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या काचांतून आजीबाईंना वर्तमानपत्र छान वाचता येतं आणि मला रस्त्यापलीकडे हत्ती उभा असला तरी भिंतीला ओल आलीय असं वाटतं. तसाच रस्त्याकडे तोंड करून मी सवयीने मान हलवली. दुकानदाराने रस्त्याकडे बघताना मान हलवत राहावं, गिऱ्हाईक कुठून उगवेल सांगता येत नाही, असं माझे वडील म्हणायचे. मग मी चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला.

दहा मिनिटांनी बाहेर गलका झाला. समोरच्या इमारतीत राहणारे निवृत्त हेडमास्तर जिन्याच्या तळाशी बेशुद्ध सापडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं, गर्दी पांगली, आणि आमचा रस्ता पुन्हा डुलक्या घ्यायला लागला होता. तेवढ्यात हवालदार आले.

हे हवालदार अतिशय सज्जन गृहस्थ. पडला-झडला प्रकार आहे, दोन ओळी लिहू आणि जाऊ, असा त्यांचा विचार होता. जाता जाता त्यांनी मला विचारलं, "काय चष्मेवाले, तुम्ही काही पाहिलंत का?"

काही नाही म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण चष्मेवाल्याला "काही पाहिलंत का" विचारल्यावर त्याने "नाही" म्हणायचं म्हणजे हलवायाने साखर नाही म्हणण्यासारखं आहे. मी म्हणालो, "कोपऱ्यावरून कोणीतरी झटकन वळलं खरं."

हवालदारांचे डोळे चमकले. "पळून गेला? कुठल्या बाजूला गेला तो?"

"डावीकडे."

"साहेब!" हवालदारांनी फोनवर आवाज चढवला. "जिन्याच्या प्रकरणात साक्षीदार मिळालाय. हो, प्रत्यक्षदर्शी. नाही, गुन्हा काय ते अजून बघायचंय."

*

दुसऱ्या दिवशी चौकीत माझा जबाब झाला. हवालदारांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि पेनाचं टोपण दातात धरून विचारलं, "उंची?"

"लांबून बघितलं हो. मध्यम असेल."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "चष्मेवाले, असेल चालत नाही."

"म्हणजे?"

"जबाबात 'असेल' चालत नाही. वीस वर्षं जबाब लिहितोय मी. एक 'असेल' राहिला की वकील त्यात बोट घालतो आणि सगळी केस उसवते. एक तर होता, नाही तर नव्हता. तुम्ही मोकळेपणी बोला, 'असेल' मी काढतो."

मग मी मोकळेपणी बोललो आणि ते 'असेल' काढत गेले, जसे तांदळातून खडे काढतात तसे. हातात काहीतरी होतं, पिशवी असेल. हातात पिशवी होती. वय चाळिशीचं असेल. वय चाळीस होतं. कपडे गडद असतील.

"गडद म्हणजे काळा शर्ट की निळा?"

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नंबर काढताना मी डोळ्यासमोर एक काच धरतो, मग दुसरी, आणि विचारतो, "हे बरं की हे?" कधी कधी गंमत म्हणून मी तीच काच काढून पुन्हा तीच घालतो. गिऱ्हाईक विचार करतं, मान तिरकी करतं आणि म्हणतं, "दुसरं बरं." दोन्ही सारखंच आहे म्हणणारा माणूस मला तेवीस वर्षांत भेटलेला नाही. समोरचा इतक्या आस्थेने विचारतोय तर त्याला नाराज कसं करायचं?

"निळा," मी म्हणालो.

जबाब वाचून दाखवण्यात आला. इतकं शुद्ध, इतकं ठाम मराठी मी जन्मात बोललो नव्हतो. ऐकता ऐकता मला तो माणूस दिसायला लागला. शेवटी वाक्य होतं, "सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी त्यास निश्चित ओळखेन."

"हे मी म्हणालो नाही," मी म्हणालो.

"ते सगळ्यांच्याच जबाबात असतं," हवालदार म्हणाले. "सही इथे."

*

साक्षीदार झाल्यावर माणसाची प्रकृती सुधारते हे मी अनुभवाने सांगतो. ज्या बेकरीवाल्याने मला कधी ताजा पाव दिला नव्हता, तो स्वतः दुकानात येऊन बाकावर बसला. केस कापणारा आला. शिवणकामाच्या बाई आल्या. मी प्रत्येकाला सगळं नव्याने सांगितलं. चौथ्यांदा सांगताना पिशवी जड झाली. सहाव्यांदा त्याने मागे वळून पाहिलं.

माझ्या दुकानातल्या बाकाचा एक गुण आहे. तिथे वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांना आत तक्ता वाचणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. शेवटची ओळ असते 'र म ख ट घ'. तीनजण आत जाऊन आले की बाकावरच्या उरलेल्यांना ती पाठ होते आणि सगळ्यांची नजर ठणठणीत निघते. एकदा तक्ता चुकून उलटा लागला होता, तरी एका आजोबांनी शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली होती.

आठवडाभरात त्या बाकावरून आणखी चार साक्षीदार तयार झाले. बेकरीवाल्याने निळा शर्ट पाहिला होता. केस कापणाऱ्याने पिशवी पाहिली होती. शिवणकामाच्या बाईंनी तर मागे वळलेला चेहरा पाहिला होता आणि तो क्रूर होता. आता खरं सांगायचं तर मला स्वतःला चेहऱ्याबद्दल थोडी धाकधूक होती. पण चार भली माणसं शपथेवर तेच सांगतायत म्हटल्यावर माझी खात्री पटली.

"तुम्हाला टेबलावरची किल्ली दिसत नाही," माझी बायको म्हणाली. "काल दुधाच्या पातेल्यात चमच्याऐवजी पेन घातलंत."

"ती गोष्ट वेगळी. त्याला निरीक्षण म्हणतात."

"मग निरीक्षण करून सांगा, तुम्हाला दिसलं ते काय होतं?"

ज्याला प्रत्यक्षदर्शी म्हणतात अशा माणसाशी घरात कसं बोलावं याची तिला जाण नव्हती.

तिकडे दवाखान्यात हेडमास्तर शुद्धीवर आले. पहिले शब्द म्हणे, "घसरलो." साहेबांनी त्यांना समजावलं की तुम्ही बेशुद्ध होता, तुम्हाला काय माहीत, तुम्हाला ढकलण्यात आलं आहे आणि त्याला पाच साक्षीदार आहेत. हेडमास्तरांनी दोन दिवस विचार केला. शाळेच्या जिन्यावर तीस वर्षं 'जपून चाला' अशी पाटी त्यांनी लावली होती आणि पळणाऱ्या पोरांना पट्ट्या मारल्या होत्या. असा माणूस भरदुपारी स्वतःच्या जिन्यावर पाय घसरून पडला, हे मोडलेल्या खुब्यापेक्षा जास्त दुखणारं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना पाठीवर पडलेला हात आठवला.

हेडमास्तरांच्या सूनबाईही चौकीत जाऊन आल्या होत्या. त्या घरातच होत्या, धप्प आवाज ऐकून धावल्या, सासरे "घसरलो गं" म्हणाले ते त्यांनी ऐकलं. हवालदारांनी विचारलं, पडताना पाहिलंत का? नाही. मग ही ऐकीव माहिती झाली. पुढे काय केलंत? डॉक्टरांना आणायला गेले. म्हणजे घटनास्थळी हजरही नव्हतात. त्यांना खुर्ची देऊन बाहेर बसवण्यात आलं आणि संध्याकाळी चौकी बंद करायच्या वेळी घरी पाठवण्यात आलं.

*

आता आरोपीची तेवढी उणीव होती. तीही फार दिवस राहिली नाही. त्या मंगळवारी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर शिवणयंत्र दुरुस्त करायला मशीनवाला आला होता. त्याच्याकडे पिशवी होती. पिशवीत हत्यारं होती, म्हणजे पेचकस आणि तेलाची कुपी. कामाचा शर्ट निळा. आणि कारण? तेही सापडलं. तीस वर्षांपूर्वी हेडमास्तरांनी त्याला सातवीत नापास केलं होतं. सरकारी वकीलसुद्धा त्याच शाळेत एकाच वर्गात दोनदा बसले होते, पण त्यांच्याविरुद्ध साक्षीदार नव्हता.

ओळखपरेडला मला बोलावणं आलं. एका लांबट खोलीत सहाजण रांगेत उभे होते. पाचजण ताठ, छाती पुढे, केस बारीक कापलेले, पायांत एकसारखे चकाकणारे काळे बूट. सहावा जरा वाकून उभा, पायात झिजलेली चप्पल, नखांत काळं तेल. मी सहाव्याकडे पाहिलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"अरे, याला मी ओळखतो!" मी म्हणालो.

"ओळख पटली," साहेब म्हणाले. मागे कोणीतरी लगेच लिहून घेतलं.

"नाही, म्हणजे हा आमच्याकडे यायचा. हिचं मशीन यानेच..."

"कितव्या नंबरचा?"

"सहावा. पण मी काय म्हणतो साहेब, ओळखतो म्हणजे..."

"एकदम बरोबर. निश्चित ओळखतो की अंदाजे?"

आता ज्या माणसाने तुमच्या घरी तीनदा चहा घेतलाय, त्याला अंदाजे कसं ओळखणार? "निश्चित," मी म्हणालो. मशीनवाला माझ्याकडे बघून हसला. त्यालाही बरं वाटलं असावं, एवढ्या लोकांत कोणीतरी आपल्याला ओळखणारं निघालं. त्याला बाहेर नेताना माझ्या लक्षात आलं की तो लंगडतोय. त्याचा एक पाय लहानपणापासून दोन बोटं आखूड आहे, हे मला ठाऊक होतं. मी साहेबांना तसं सांगायला गेलो. ते म्हणाले, जे विचारलं जाईल तेवढंच सांगायचं.

पुढच्या आठवड्यात मशीनवाल्याची बायको दुकानात आली. बाकावर बसली नाही, उभीच राहिली.

"दादा, तुमच्या पाया पडते. एवढंच म्हणा की नीट दिसलं नाही. दुसरं काही नको. ते दोन पावलं पळू शकत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे."

"ताई, मी काय त्यांचं वाईट चिंततो?"

"मग म्हणाल ना?"

मी तिला पाणी दिलं. ती समजूतदार होती, गेली. तिने मागितलेलं वाक्य चार शब्दांचं होतं: मला नीट दिसलं नाही. पण चष्मेवाल्याने भर कोर्टात, पाचपन्नास लोकांसमोर "मला नीट दिसलं नाही" म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून लोकांना सांगायचं की या, तुमची नजर तपासून देतो? तिचा नवरा जाईल तर परत येईल. गिऱ्हाईक गेलं की येत नाही. त्या दिवशी हा हिशोब मला अगदी चोख वाटला होता. आज तो आठवला की माझी मलाच किळस येते.

*

सात महिन्यांनी खटला उभा राहिला. सात महिने मशीनवाला आत होता आणि आमच्या घरातलं शिवणयंत्र बंद पडलेलं होतं. बायकोने त्यावर पांघरूण घातलं होतं आणि मी त्या खोलीत जायचं टाळत होतो.

बचावाचे वकील तरुण होते, चुणचुणीत होते. त्यांनी पहिल्यांदा पायाला हात घातला. म्हणाले, "माझ्या अशिलाचा एक पाय आखूड आहे. तो पळूच शकत नाही."

सरकारी वकील उठले. माझ्या जबाबातलं पान उघडलं. "साक्षीदार म्हणतो, 'झटकन' वळला. झटकन म्हणजे झटक्याने. झटक्याने म्हणजे पायाला झटका देत. साक्षीदाराने लंगडणं पहिल्याच जबाबात नोंदवलं आहे, तेव्हा तर आरोपी सापडलाही नव्हता!"

कोर्टात कुजबूज झाली. मी चकित झालो. मी किती बारकाईने पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"घटनेच्या वेळी तुम्ही चष्मा लावला होता का?" बचावाच्या वकिलांनी मला विचारलं.

"होय, लावला होता." मी शपथेवर होतो आणि हे अक्षरशः खरं होतं. कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. जे विचारलं जाईल तेवढंच सांगायचं.

तरी ते चिकट. त्यांनी मागणी केली की साक्षीदाराची नजर इथेच, कोर्टासमोर तपासावी. न्यायाधीशांना ते पटलं. अक्षरांचा तक्ता आणण्याचा हुकूम झाला. शिपाई बाहेर गेला, चौकशी केली, तर गावात असा तक्ता एकाच दुकानात होता. त्याने माझ्याकडूनच किल्ली नेली आणि माझ्याच भिंतीवरचा तक्ता काढून आणला. तो न्यायाधीशांच्या खुर्चीमागे लटकवण्यात आला. मला दाराशी उभं केलं.

मी वरून खालपर्यंत वाचत गेलो. कुठे अडलो नाही, डोळे बारीक केले नाहीत. "र म ख ट घ," मी म्हणालो, आणि थांबलो नाही. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता आहे, तोही वाचला. न्यायाधीशांनी मागे वळून, भिंग घेऊन पत्ता पडताळून पाहिला. बरोबर होता. मागच्या बाकावर कोणीतरी टाळी वाजवली आणि शिपायाने त्याला दटावलं.

निकालपत्रात माझ्या नजरेवर एक अख्खा परिच्छेद आहे. मशीनवाल्याला चार वर्षं झाली. त्याला नेताना तो या वेळी माझ्याकडे बघून हसला नाही. त्या महिन्यात माझ्या दुकानात इतकी गर्दी झाली की मला दुसरा बाक घ्यावा लागला.

*

मग एक दिवस हेडमास्तरांच्या सूनबाई नंबर तपासायला आल्या. डोकं दुखतं म्हणाल्या. मी काच घातली, बदलली, विचारलं, "हे बरं की हे?"

"दोन्ही सारखंच वाटतंय, काका."

माझ्या हातातली काच तशीच राहिली. तेवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"खरं सांगू का," त्या काचेमागून बोलत राहिल्या, "त्या दिवसापासूनच डोकं धरलंय. किती पळाले मी! डॉक्टरांचा दवाखाना कोपऱ्यावर, पण संपता संपेना. बाबांच्या सपातेचा पट्टा तुटलेला, ती उचलली आणि घाईत हातातच राहिली. तशीच नाचवत गेले. तुम्ही पाहिलंत ना मला."

"मी?"

"हो, काउंटरशी उभे होतात की. मी तुम्हाला हात केला, म्हटलं मदतीला याल. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, येताय."

मी खुर्चीवर बसलो.

"कधी?"

"पावणेचार वाजले होते. मी घड्याळ बघूनच निघाले."

"तेव्हा गल्लीत आणखी कोण होतं?"

"चिटपाखरू नव्हतं, काका. मलाही नवलच वाटलं, तो माणूस मला कसा दिसला नाही. पण तुम्ही पाहिलंत म्हटल्यावर असेल, म्हटलं. तुमची नजर कोर्टाने तपासलेली."

तो तुटका पट्टा अजून त्यांच्याकडे होता. सपात टाकवली नव्हती, दुरुस्त करून घेऊ म्हणून ठेवली होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांच्याकडून पैसे न घेता त्यांना पाठवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक चौकी गाठली.

हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून अर्जाचे नमुने काढून माझ्यापुढे पसरले. नाव बदलणे होतं, पत्ता बदलणे होतं, जन्मतारीख बदलणे होतं. 'पाहिलेले बदलणे' असा नमुना नव्हता.

"अहो, पण ती बाई स्वतः सांगतेय! जे वळलं ते मीच, असं म्हणतेय!"

"त्यांनी पाहिलंय का?"

"काय?"

"स्वतःला वळताना." हवालदारांच्या चेहऱ्यावर जराही हसू नव्हतं. "नाही ना पाहिलं? कोणी पाहू शकत नाही स्वतःला. म्हणजे त्या प्रत्यक्षदर्शी नाहीत. प्रत्यक्षदर्शी तुम्ही. आणि तुम्ही शपथेवर तो माणूस होता असं सांगून बसलाय. आता ती बाई होती म्हणालात तर दोन्हीपैकी एक साक्ष खोटी. खोट्या साक्षीला शिक्षा किती आहे, सांगू?"

"पण तो निर्दोष आहे, हवालदार."

"असेल," हवालदार म्हणाले.

वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला असावा. त्यांनाही तो जाणवला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मी दाराकडे पाहिलं, आणि मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. शिवणयंत्रावरचं पांघरूण तिने जरा नीट केलं, एवढंच. परवा मी बचावाच्या वकिलांना पत्र लिहायला बसलो होतो. पहिलं वाक्य लिहिलं, "मला नीट दिसलं नाही." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पत्र गल्ल्याखाली आहे. उद्या पुरं करीन.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा, माझी लायकी तीच आहे. पण त्याआधी एक साधी गोष्ट सांगा. कोपऱ्यावरून कोणीतरी वळलं, एवढंच मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं. तेच वर शीर्षकातही लिहिलं होतं, ठळक. वळला असं नाही, वळली असंही नाही. 'वळलं' लिहिलं होतं आणि ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंत. तुमच्या डोळ्यांवर आजीबाईंचा चष्मा नव्हता. हवालदार 'तो' म्हणाले तेव्हा तुम्हाला कोणी शपथही घातली नव्हती. तरी त्या कोपऱ्यावर तुम्ही एक पुरुष उभा केलात. कोणी विचारलं असतं, तर त्याची उंचीही सांगितली असतीत.

की आधीपासूनच शंका आली होती म्हणता? आली असेल?

'असेल' चालत नाही. आली होती की नव्हती?

ठीक आहे. तुम्ही आत्ता मान हलवलीत. मी पाहिलं.